बोनेट बंद असतानाच ठरवा

जुनी गाडी ठेवायची की काढायची, हा निर्णय बहुतेक घरांत गॅरेजमध्ये उभ्या उभ्या घेतला जातो, आणि तोही बोनेट उघडं असताना. क्लच प्लेट गेलेली असते, गाडी टो करून आणलेली असते, मिस्त्री एक आकडा सांगतो आणि घरातलं कोणीतरी म्हणतं, "हिच्यात एवढे घालण्यापेक्षा नवीनच का घेऊ नये?" त्या क्षणी जे काही ठरतं ते समोरच्या एका बिलापुरतं ठरतं. क्लचचं मोठं बिल भरल्यावर तीच गाडी पुढची चार वर्षं निमूट चालू शकते. दुसरीकडे, दोन-तीन हजारांत सुटलेली गाडी खालून पत्रा सडल्यामुळे पुढच्या पावसाळ्यानंतर बाद होऊ शकते. बिलाचा आकडा आणि गाडीचं उरलेलं आयुष्य यांचा संबंध लोक समजतात तितका जवळचा नसतो.

म्हणून हा निर्णय गाडी ठणठणीत चालत असताना घ्यावा. अर्धा दिवस रॅम्पवर आणि एक संध्याकाळ कागद-पेन घेऊन, एवढाच वेळ लागतो. नाशिकमध्ये याला दोन ऋतू चांगले. मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो तेव्हा रेडिएटर, पंखा आणि एसी यांची खरी परीक्षा होते. दिवाळीनंतर, चिखल सुकून गेल्यावर, खालचा पत्रा पावसाळ्यात काय सोसून आला ते दिसतं. दोन्ही जमत नसेल तर दिवाळीनंतरचा मुहूर्त धरावा, कारण पत्र्याचा प्रश्न इंजिनापेक्षा मोठा आहे. इंजिन उतरवून पुन्हा बसवता येतं, सडलेली बॉडी बदलता येत नाही.

एकाच वर्षी पासिंग झालेल्या दोन एमएच-१५, म्हणजे नाशिकच्या, गाड्यांचं वय सारखं नसतं. गंगापूर रोडला राहून कॉलेज रोड आणि शरणपूर रोडवर फिरणाऱ्या गाडीला वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस लागतो. रोज घोटी-इगतपुरीला कामाला जाणारी किंवा त्र्यंबक-हरसूलकडे फिरणारी गाडी दोन-तीन हजार मिलिमीटरच्या टापूत भिजते. मडगार्डच्या आतल्या कडेला बसलेला लाल चिखल पावसाळा संपल्यावरही कित्येक आठवडे ओल धरून ठेवतो. आरसीवरचं वर्ष पाहून दोघींना एकच नियम लावणं चुकीचं आहे.

रॅम्पवर गाडी चढली की मोठा टॉर्च, चपटा स्क्रू ड्रायव्हर आणि एक लोहचुंबक जवळ ठेवा. सुरुवात बोनेटखालून करा. पुढचे शॉकअप वर जिथे बॉडीला टेकतात, त्या गोल बैठकीभोवतीचा पत्रा आणि त्याची शिवण पाहा. मग बॅटरीचा ट्रे काढून खालचा पत्रा पाहा, कारण ॲसिड सांडलेलं असेल तर तो आधी जातो. आता खाली या. दारांच्या खालची लांब पट्टी, म्हणजे रनिंग बोर्डचा बंद पत्रा, त्याची पाणी निघायची भोकं, जॅक लावायच्या जागा, मागचा ॲक्सल जिथे बॉडीला बोल्टने धरलेला आहे तो भाग, पुढच्या सबफ्रेमच्या, म्हणजे इंजिन आणि पुढची चाकं धरणाऱ्या चौकटीच्या, बैठका. शेवटी आतलं कार्पेट उचला आणि डिकीतलं स्टेपनीचं चाक काढून त्याचा खड्डा पाहा.

प्रत्येक जागी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकं ठोकायचं. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, सडलेला बद्द वाजतो. शंका आली तर टोकाने दाबायचं. वरचा पापुद्रा निघून खाली टणक धातू लागला तर तो वरवरचा गंज. तारेच्या ब्रशने घासून, रस्ट कन्व्हर्टर लावून, एपॉक्सी प्रायमर आणि रंगाचा हात दिला की तो थांबतो. टोक आत गेलं तर पत्रा संपला. तेही दाराच्या खालच्या कडेला किंवा मडगार्डला असेल तर डेंटर तुकडा कापून नवा वेल्ड करून देतो, त्यात काही बिघडत नाही. मात्र शॉकअपची बैठक, रनिंग बोर्ड, मागच्या ॲक्सलचे किंवा सबफ्रेमचे बोल्ट यांच्याजवळ टोक आत गेलं, तर माझ्या मते निर्णय तिथेच झाला. हॅचबॅक आणि सेदान गाड्यांना वेगळी चासी नसते, पत्र्याची बॉडीच सांगाडा असते. चाकाचा प्रत्येक दणका आणि धडकेचा सगळा जोर याच जागांमधून वाहतो. तिथे ठिगळ लावून गाडी दिसायला सुधारते, धडक झाली तर ते ठिगळ टिकत नाही. बोलेरोसारख्या शिडीच्या चासीवर बांधलेल्या गाडीत वरचा पत्रा खराब असला तरी तेवढं भिण्याचं कारण नाही. तिथे चासीचे दोन लांब पाट आणि त्यांचे आडवे जोड ठोकून बघावेत.

लोहचुंबक पुट्टीसाठी. चांगल्या दिसणाऱ्या कडेवर तो चिकटत नसेल तर रंगाखाली पुट्टीचा थर आहे. आणि अंडरकोटिंगबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी: गंजावर थेट मारलेलं काळं कोटिंग ओल आत कोंडतं आणि सडणं उलट वाढवतं. आधी घासणं, सुकवणं, प्रायमर, मगच कोटिंग. पावसाळ्यात पुढचं कार्पेट ओलं राहत असेल तर बहुतेक वेळा दोनच कारणं असतात. वायपरखालच्या जाळीत कडुनिंबाची, गुलमोहराची पानं साचून पाण्याची वाट बंद झालेली असते, किंवा एसीच्या पाण्याची नळी तुंबलेली असते. दोन्हीचा इलाज दहा मिनिटांचा आहे. दुर्लक्ष केलं तर दोन पावसाळ्यांत फ्लोअर आतून खाल्ला जातो.

इंजिनाकडे वळताना आधी साधं मोजमाप. सपाट जागी, थंड इंजिनावर डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरा, हजार किलोमीटर चालवा, त्याच जागी पुन्हा बघा. बहुतेक लहान गाड्यांत वरच्या आणि खालच्या खुणेत सुमारे एक लिटरचं अंतर असतं. हजार किलोमीटरला दोन-तीनशे मिलिलिटर ऑइल खाणारी जुनी गाडी वर्षानुवर्षं चालते, फक्त महिन्याला डिपस्टिक बघायची सवय हवी. लिटरभर खात असेल तर काम जवळ आलं. धुराचा रंगही बोलतो. रात्रभर उभ्या गाडीने सकाळी सुरू करताना निळा धूर सोडला आणि मग थांबवला, तर व्हॉल्व्ह सील कडक झाले आहेत. ते काम मध्यम खर्चाचं असतं. चढावर दाबल्यावर सतत निळा धूर येत असेल तर पिस्टन रिंगांपर्यंत प्रकरण गेलं. गोडसर वासाचा पांढरा धूर आणि कूलंटची पातळी खाली जाणं एकत्र दिसलं तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील, गेलं. डिझेलचा काळा धूर दिसला म्हणून लगेच इंजिनाला दोष देऊ नये, एअर फिल्टर, इंटरकूलरचा फाटलेला पाइप आणि इंजेक्टर आधी तपासावेत.

पेट्रोल इंजिनाची कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडर हवा किती दाबतो त्याचं मोजमाप, करून घ्या असा आग्रह धरा. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, पेट्रोल आणि स्पार्क बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी चार्ज. मग प्रत्येक सिलिंडरवर गेज लावून सेल्फ पाच-सहा फेरे फिरवायचा. बऱ्याच लहान गाड्यांत आकडा दीडशे ते एकशे नव्वद पीएसआय या दाबाच्या मापात येतो. पण एकट्या आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. चारही एकशे पंचेचाळीसवर असतील तर इंजिन थकलेलं पण समतोल आहे. तीन एकशे सत्तरवर आणि एक एकशे दहावर असेल तर त्या एकात काहीतरी तुटलं किंवा जळलं आहे. अशा सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा चढला तर रिंग, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. एवढ्याशा चाचणीवरून हेड काढायचं की पूर्ण इंजिन खोलायचं ते कळतं, आणि या दोन कामांच्या खर्चात मोठी दरी आहे. कॉमन रेल डिझेलमध्ये, म्हणजे एकाच उच्च दाबाच्या नळीतून सगळ्या इंजेक्टरना डिझेल मिळणाऱ्या इंजिनात, याच्या जोडीला इंजेक्टरची परत जाणारी गळती बघावी. चारही इंजेक्टरांच्या रिटर्नला बाटल्या लावून इंजिन ठरावीक वेळ चालवतात. ज्याची बाटली इतरांपेक्षा बरीच जास्त भरते तो आतून झिजला. मायको (डिझेल पंप-नोझल बनवणाऱ्या बॉशचं जुनं नाव) सर्कल आजही जिभेवर असलेल्या या शहरात डिझेल पंप आणि नोझलचं काम जाणणारे हात सापडतात. सातपूर-अंबडच्या पट्ट्यात हेड सरफेसिंग आणि बोअरिंग करणारी मशीन शॉपही आहेत. जुनी गाडी सांभाळणाऱ्याला नाशिकचा हा मोठा आधार आहे.

पिस्टन आणि व्हॉल्व्ह एका तालात ठेवायला इंजिनात टायमिंग बेल्ट आहे की चेन, हे मालकाला माहीत असलंच पाहिजे. जुन्या सँट्रोला बेल्ट, स्विफ्टच्या १.३ डिझेलला चेन. बेल्ट ठरलेल्या किलोमीटरला किंवा ठरलेल्या वर्षांना, जे आधी येईल तेव्हा, बदलायचा असतो. कमी चाललेल्या गाडीत लोक वर्षांची अट विसरतात आणि रबर उभ्या उभ्या तडकतं. तुटला तर बहुतेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतो. बेल्ट बदलताना टेन्शनर, आयडलर आणि त्याच बेल्टवर फिरत असेल तर वॉटर पंपही बदलून घ्यावा, मजुरी एकदाच लागते. चेन ताणली की थंड इंजिन सुरू होताना काही सेकंद खडखड ऐकू येते. तो आवाज ऑइल बदलून जात नाही.

आणि थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. उन्हाळ्यात गाडी गरम होते म्हणून तो काढून टाकण्याची गॅरेजमधली सवय फार जुनी आहे, आणि तिने अनेक चांगली इंजिनं अकाली थकवली आहेत. थर्मोस्टॅट नसलेलं इंजिन नीट तापतच नाही. मिश्रणात पेट्रोल जास्त राहतं, ॲव्हरेज पडतं, ऑइलमध्ये पेट्रोल उतरतं आणि तुंबलेला रेडिएटर लपून राहतो. हायवेवर तापमानाचा काटा खाली सरकत असेल तर थर्मोस्टॅट काढलेला किंवा उघडा अडकलेला आहे असं समजा. कूलंटच्या बाटलीत नुसतं नळाचं किंवा बोअरचं पाणी दिसलं तर पूर्ण फ्लश करून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा. गंजाचं तपकिरी पाणी निघालं तर रेडिएटर आणि वॉटर पंप खर्चाच्या यादीत आधीच लिहून ठेवा.

सस्पेन्शनचा आवाज माणसाला सगळ्यात जास्त घाबरवतो, आणि निर्णयात त्याला सगळ्यात कमी वजन द्यावं. २०२७ च्या सिंहस्थाच्या कामांनी शहरात जागोजागी रस्ते उकरलेले आहेत; अशा रस्त्यांवर लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, शॉकअपचे माउंट झिजणारच. हे सगळे बदलायचे भाग आहेत, बाजारात मिळतात, आणि एकदा चांगल्या प्रतीचे टाकून अलाइनमेंट केलं की गाडी पुन्हा घट्ट वाटते. चाक हवेत उचलून वर-खाली धरून हलवलं आणि खेळ लागला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. डाव्या-उजव्या बाजूने धरून खेळ लागला तर टाय रॉड किंवा रॅक एंड. क्लचचंही तसंच: चौथ्या गिअरमध्ये ताशी चाळीसच्या वेगावर पूर्ण ॲक्सिलरेटर दाबा, आरपीएम चढतो पण वेग वाढत नाही, तर प्लेट संपली.

ब्रेकबद्दल मात्र नाशिककरांनी जास्त काटेकोर असावं. मुंबईकडे जाताना कसारा, वणीच्या गडावरून नांदुरीकडे उतरताना, सापुताऱ्याहून परतताना ब्रेक बराच वेळ तापलेले राहतात. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट-४ प्रतीचं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल शोषलेल्या ऑइलची मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. डॉट-३ मध्ये हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. ऑइल उकळलं की वाफ दाबली जाते, पॅडल मऊ होऊन खाली जातं. त्यामुळे दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल पूर्ण बदलावं, मग गाडी कितीही कमी चालो. टायरच्या कडेवरचा चार अंकी आकडाही वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली तर टायर बाद, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण नक्षी भरपूर शिल्लक असलेला सात-आठ वर्षांचा कडक टायर समृद्धीवर ताशी १२० ने तासभर तापवणं तितकंच धोक्याचं आहे.

वायरिंगचा त्रास वेगळ्या जातीचा आहे. मखमलाबाद, म्हसरूळ, पाथर्डीकडच्या शेतालगतच्या घरांत पार्किंगमधल्या गाड्यांच्या वायरी उंदीर कुरतडतात. एक तुकडा जोडला की दुसरीकडे फॉल्ट निघतो. चालू इंजिनावर बॅटरीच्या टोकांना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट आणि बंद गाडीत पन्नास मिलिअँपिअरच्या आत करंट, एवढं ठीक असेल तर पाया चांगला आहे. पण येतो-जातो असा इलेक्ट्रिकल फॉल्ट दोन चांगल्या इलेक्ट्रिशियनना सापडला नसेल, तर गाडी काढायला ते मला पुरेसं आणि प्रामाणिक कारण वाटतं. ज्या खर्चाचा शेवट दिसत नाही तो कोणत्याच रकान्यात लिहिता येत नाही. स्पेअरचंही तसंच. शेव्हर्लेची विक्री २०१७ अखेर थांबली, फोर्डने इथलं उत्पादन थांबवण्याची घोषणा सप्टेंबर २०२१ मध्ये केली. अशा गाडीचे हेडलाइट, काच, सेन्सर, गिअरबॉक्सचे भाग किती दिवसांत मिळतात हे आधी विचारून ठेवावं.

कागदांची बाजू. पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात द्यावीच लागते हा समज अजून पसरलेला आहे. दहा वर्षांचं डिझेल आणि पंधरा वर्षांचं पेट्रोल ही बंदी दिल्ली आणि तिच्या आसपासच्या प्रदेशासाठी होती, नाशिकला ती लागू नाही. इथे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी तपासणी करून पाच वर्षांसाठी वाढवता येते, ज्याला सगळे रिपासिंग म्हणतात. अर्ज नमुना २५ मध्ये, मुदत संपण्याआधीच्या साठ दिवसांत. चालू विमा, पीयूसी आणि आरसी सोबत, गाडी पेठ रोडच्या आरटीओत तपासणीला. मोटारीसाठी ही फी १ एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये आहे. वीस वर्षांवरच्या मोटारीला ती २०२५ च्या ऑगस्टमध्ये १०,००० झाली. उशीर केला तर दर महिन्याला ५०० रुपये जास्त. पर्यावरण कर वेगळा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट लागते, चारचाकीसाठी ७४५ रुपये अधिक जीएसटी. तपासणीला जाण्याआधी हॉर्न, वायपर, सगळे दिवे, हँडब्रेक आणि काचांवरची फिल्म बघून घ्या. छोट्या गोष्टीसाठी गाडी परत येते आणि एक दिवस जातो.

आता हिशोब. "दुरुस्ती गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर गेली की विका" हा नियम सगळीकडे ऐकू येतो, आणि तो फसवा आहे. गाडी बाजारात कितीला जाईल हा आकडा दुरुस्तीशी ताडून पाहण्यात अर्थ नाही; पुढची तीन वर्षं हिच्यासोबत काढायला काय लागेल आणि दुसरीसोबत काय लागेल, हे दोन रकाने शेजारी मांडायचे.

समजा चौदा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक आहे, आज एक लाख वीस हजारांना जाईल. रॅम्पवर निघालेली कामं साठ हजारांची: टायर, क्लच, सस्पेन्शन, कूलिंग. नंतरच्या दोन वर्षांना पंचवीस-पंचवीस हजार धरा. तीन वर्षांनी ती साठ हजारांना गेली तर घसारा साठ हजार. एकूण एक लाख सत्तर हजार, वर्षाला सत्तावन्न हजारांच्या आसपास. दुसऱ्या रकान्यात आठ लाखांची नवी गाडी. सहा लाख कर्ज, नऊ टक्के, पाच वर्षं: हप्ता सुमारे १२,४५५ रुपये आणि एकूण व्याज जवळजवळ १,४७,००० रुपये. पाच वर्षांनी ती चार लाखांना गेली असं धरलं तर घसारा चार लाख. दोन्ही मिळून वर्षाला एक लाख नऊ हजार. विमा आणि सर्व्हिसिंग त्यावर. जुनीचा रकाना निम्मा दिसतो, पण अजून इंधन आलेलं नाही. जुनी लिटरला १४ आणि नवी २० देते, पेट्रोल १०५ रुपये धरलं, तर वर्षाला आठ हजार किलोमीटर चालवणाऱ्याला फरक अठरा हजारांचा पडतो. वीस हजार किलोमीटरवाल्याला पंचेचाळीस हजारांचा, आणि मग दोन रकाने जवळजवळ एक होतात. किती चालवता, हा प्रश्न गाडी किती जुनी आहे यापेक्षा जड आहे. रोज सिन्नर किंवा दिंडोरी करणाऱ्याचं उत्तर आणि आठवड्यातून दोनदा बाजारात जाणाऱ्या निवृत्त जोडप्याचं उत्तर एक असू शकत नाही.

पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, तेही जुनीच्या रकान्यात लिहा. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच, विनामिश्र पेट्रोलसाठी बनवून १० टक्के मिश्रणाला जुळवलेल्या चारचाकीचं ॲव्हरेज ६ ते ७ टक्क्यांनी घटेल असं म्हटलं आहे. गाड्यांचं साहित्य या मिश्रणासाठी तयार करणं १ एप्रिल २०२३ पासून सुरू झालं. त्याआधीच्या गाडीत पेट्रोलचा रबरी पाइप, इंजेक्टरच्या रिंगा आणि फिल्टर दरवर्षी पाहावेत. बोनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर गाडी तिथेच थांबवावी.

विम्याचा हिशोबही इथेच मांडा. दुरुस्तीचा अंदाज विमा रकमेच्या ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी गाडी टोटल लॉस धरते. लाखाच्या गाडीला पुढून बसलेली मध्यम धडकही तिथे पोहोचते.

पैशांच्या रकान्यात न मावणारी एक गोष्ट आहे, आणि मी तिला सगळ्यात वर ठेवतो. नव्या मोटारींना एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) एप्रिल २०१९ पासून आणि ड्रायव्हरची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. शेजारच्या सीटची एअरबॅग २०२१ मध्ये. त्याआधीच्या कित्येक गाड्यांच्या बेस मॉडेलमध्ये यातलं काहीच नाही, आणि हे कुठल्याही गॅरेजमध्ये मागाहून नीट बसवून मिळत नाही. अशी गाडी शहरात चाळीसच्या वेगाने फिरत असेल तर ठेवा. पण ती दर आठवड्याला लहान मुलांना घेऊन मुंबई-आग्रा महामार्गावर धावणार असेल, तर हिशोब जुनीच्या बाजूने लागला तरी बदला. पैसे कमी असतील तर लहान गाडी घ्या, चार वर्षं वापरलेली घ्या, पण या सोयी असलेली घ्या.

बदलायचं ठरलं की दर नव्याने काढा. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या मोटारींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे, आधीचे कोटेशन कामाचे नाहीत. सगळा वापर शहरातल्या दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांचा असेल तर जुनं डिझेल देऊन नवं डिझेल घेऊ नका. बीएस-६ डिझेलच्या सायलेन्सरमधल्या फिल्टरला साचलेली काजळी जाळायला सलग हायवेचा वेग लागतो, सिडको ते सीबीएसच्या ट्रॅफिकमध्ये तो मिळत नाही. आणि खर्च वाचवायला थकलेल्या इंजिनाला सीएनजी किट बसवू नका. कमजोर कॉम्प्रेशन गॅसवर आणखी उघडं पडतं.

वापरलेली गाडी घेताना वरच्या सगळ्या चाचण्या तिलाही लावा आणि एक वाढवा. गोदावरीला २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये मोठे पूर आले होते, आणि पाण्यात बुडालेली गाडी धुऊन-पुसून बाजारात येते. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या भागावर चिखलाची रेघ आहे का बघा. सीटच्या रुळाचे बोल्ट आणि डॅशबोर्डखालच्या कनेक्टरच्या पिना गंजल्या असतील तर सौदा सोडून द्या. पाडव्याच्या किंवा दसऱ्याच्या मुहूर्तासाठी ही तपासणी घाईत उरकू नका. टोकन मुहूर्तावर द्या, गाडी तपासून न्या.

ठेवायचं ठरलं तर रॅम्पवरची यादी तीन भागांत करा. ब्रेक, टायर, टायमिंग बेल्ट आणि इंधनाचे पाइप याच महिन्यात. कूलिंग आणि सस्पेन्शन पुढच्या उन्हाळ्याआधी. रंग, सीट कव्हर, म्युझिक सिस्टिम सगळ्यात शेवटी. अनेकजण नेमकं उलट करतात, कारण रंग दिसतो आणि ब्रेक ऑइल दिसत नाही. डॅशबोर्डमधल्या कप्प्यात एक वही ठेवून तारीख, किलोमीटर, भाग आणि रक्कम लिहीत जा. त्याच वहीत आत्ताच, डोकं शांत असताना, आपली मर्यादाही लिहा: अमुक जागी पत्र्यात टोक गेलं तर, कॉम्प्रेशन अमुकखाली गेलं तर, बारा महिन्यांत खर्च अमुक रकमेवर गेला तर गाडी काढायची. मग टो होऊन गॅरेजमध्ये पोहोचल्यावर वही उघडायची आणि आकडा ताडून पाहायचा.

विकताना नमुना २९ आणि ३० वर सह्या करून मोकळे होऊ नका. जुनं कर्ज असेल तर नमुना ३५ ने बँकेचा बोजा आधी उतरवा, थकलेले ई-चलन भरा, फास्टॅग बंद करा आणि नवी आरसी दुसऱ्याच्या नावावर झाल्याचं स्वतः परिवहनच्या संकेतस्थळावर बघा. तोपर्यंत अपघात झाला तर कायद्याच्या लेखी मालक तुम्हीच असता. भंगारात द्यायची असेल तर नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच द्या आणि ठेव प्रमाणपत्र घ्या, त्यावर नव्या गाडीच्या करात सवलत मिळते. विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं पत्रही मागून घ्या. तो बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही. पाच वर्षं क्लेम नसेल तर नव्या गाडीच्या ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) हप्त्यावर ५० टक्के सूट मिळते आणि पत्र तीन वर्षं चालतं.